काळ्या गाडीतला सूर्य

मंगळवारी दुपारी चार वाजता नानांनी मला खाली शेडमध्ये बोलावलं. गाडीच्या दाराकडे बोट करून विचारलं, "इथे रेघा आहेत का?"

मी म्हणाले, "आहेत."

"किती?"

"तीन."

त्यांनी पॉलिशच्या मशीनचा प्लग काढला, वायर गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "मला एकही दिसत नाही."

नाना माझे घरमालक. जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांचं घर. खाली ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर दोन खोल्यांत मी, आणि घराला लागून पत्र्याची शेड. धुळ्याहून जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आले तेव्हा सहा महिन्यांपुरत्या म्हणून मी या खोल्या घेतल्या होत्या. त्याला आता अकरा वर्षं झाली. नाना जाऊन वर्ष होत आलं.

शेडवर पाटी नव्हती. नाना काय करतात हे मला पहिले दोन महिने कळलंच नाही. शेडमध्ये एक काळी गाडी उभी असायची आणि तिच्यासमोर स्टुलावर नाना बसलेले असायचे. सकाळी कॉलेजला जाताना बसलेले, संध्याकाळी परत येताना बसलेले. हातात काही नाही. एक दिवस मी अक्कांना विचारलं, तेव्हा त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बठ्ठं गाव गाडी धुस, हाऊ गाडी देखस."

सगळं गाव गाडी धुतं आणि नाना गाडी बघतात, हे खरंच होतं. नाशिकच्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांचं काम बघण्याचं होतं. रंग देऊन आलेली गाडी दिव्यांच्या रांगेखालून जायची आणि नाना तिच्या अंगावर कुठे कण, कुठे ओघळ, कुठे रेघ आहे ते खडूने दाखवायचे. नोकरी संपवून ते जळगावला परतले आणि ज्या रेघा आयुष्यभर नुसत्या दाखवल्या, त्या काढू लागले. फक्त काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांच्या. आमच्या भागात काळी गाडी घेणारा मुळातच कमी. मे महिन्यात तिच्या टपावर पापड वाळतील असं ऊन, आणि वर्षभर काळ्या मातीची धूळ. शहाणा माणूस पांढरी घेतो. नानांकडे शहाणी माणसं येत नसत.

एकदा एक कंत्राटदार आले, पांढरी गाडी घेऊन. नानांनी दारातच हात जोडले.

"का हो नाना? आमच्या गाडीनं काय घोडं मारलं?"

"पांढऱ्या गाडीला तुम्ही विटेनं घासलं तरी ती हसतमुख राहते. तिला मी काय विचारू?"

"आणि काळी?"

"काळी सगळं सांगते. कोणी पुसलं, कशानं पुसलं, किती घाईत पुसलं."

"मग माझी पांढरीच बरी," असं म्हणून कंत्राटदार हसत निघून गेले. नाना हसले नाहीत. त्यांना तो विनोद वाटला नव्हता.

गाडीजवळ जाताना अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा, किल्ल्या, सगळं बाहेरच्या कोनाड्यात काढून ठेवावं लागे. मी पहिल्यांदा शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा नमस्कार-चमत्काराच्या आधी त्यांनी म्हटलं, "ताई, बांगड्या." मी बांगड्या काढल्या. मग त्यांनी माझ्या ओढणीच्या टोकाला लावलेल्या टिकल्यांकडे बघितलं, आणि मी आणखी चार पावलं मागे सरले. स्वतःचे शर्ट त्यांनी शिंप्याकडून उलटे शिवून घेतले होते. गाडीवर वाकताना बटणं लागू नयेत म्हणून बटणांची पट्टी पाठीवर. ती बटणं रोज सकाळी अक्का लावायच्या आणि रोज सकाळी ओट्यावर उभं राहून बोलायच्या. "लेकरू सोता बटन लावस, अन हाऊ म्हातारा मनाकडून लाई लेस." नाना पाठ करून शांत उभे राहत. वरच्या गॅलरीतून मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की सकाळ म्हटलं की मला आधी ती पाठ आठवते.

एकदा एक नवराबायको गडद निळी गाडी घेऊन आले. शहरातले सुखवस्तू लोक, गाडी दोन वर्षांची. उन्हात बघितलं तर तिच्यावर सगळीकडे बारीक गोल गोल रेघांचं जाळं. नाना दाराशी वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रोज सकाळी कोण पुसतं?"

"सोसायटीचा वॉचमन."

"डावखुरा आहे का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "आता आठवायला लागेल." मग त्यांनी फोन लावला. वॉचमन डावखुराच निघाला.

मला वाटलं, आता नाना कामाला लागतील. नाना म्हणाले, "गाडी घेऊन जा आणि वॉचमनला पाठवा." नवरा चिडला. "अहो, पॉलिश गाडीला करायचंय की वॉचमनला?" पण चार दिवसांनी तो खरंच वॉचमनला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. नानांनी त्या माणसाला दोन बादल्या दिल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची. मग साबणाचं फडकं एकदाच सरळ फिरवायचं, आणि गाडीला पुन्हा लावायच्या आधी साध्या पाण्यात पिळायचं. शेवटी त्या साध्या पाण्याची बादली हळूच ओतून तळाशी राहिलेली चिमूटभर वाळू त्यांनी वॉचमनच्या तळहातावर ठेवली.

"कोरड्या फडक्यानं पुसता, तेव्हा ही गाडीवर घासता तुम्ही. रोज सकाळी."

वॉचमन तळहाताकडे बघत राहिला. "मी तर गाडी चमकावी म्हणून जोर लावायचो, नाना."

"ते दिसतंय ना," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता.

असं त्यांचं होतं. ज्याला धुता येत नाही त्याची गाडी घासायची नाही. महिनाभर धुवून दाखवा, मग या. दहातले सात परत येत नसत.

आलेला प्रत्येक माणूस एक प्रश्न मात्र विचारायचाच. "नाना, एवढं सगळं करून परवडतं का?" नाना दर वेळी तेच उत्तर द्यायचे. "नाही."

माणूस गोंधळायचा. दुकानदाराच्या तोंडून असं कोणी ऐकलेलं नसतं. मग नाना समजावून सांगत. बाहेर रस्त्यावर तासाभरात गाडी चकचकीत करून देतात, ते रेघांमध्ये तेलकट मेण भरतात. वाईट नाही ते, लग्नाला जायचं असेल तर करून घ्या. तीन वेळा धुतलं की जाळं परत वर येतं. मी भरत नाही, मी सोलतो. रेघ जितकी खोल, तितका आजूबाजूचा रंग खाली आणतो. रंगाच्या वर काचेसारखा एक थर असतो, त्यातूनच सोलायचं. तो संपला की संपला, कारखान्याबाहेर तसा परत कोणी देत नाही. उद्या सकाळी तुम्ही परत कोरडं फडकं मारणार असाल, तर मी तुमचा थर फुकट खाल्ला. म्हणून परवडत नाही. घरी जा, दोन बादल्या घ्या, सावलीत लावा, आहे तशी सुखाने चालवा.

तो थर किती जाड असतो, असं मी एकदा विचारलं होतं. ते जिना चढून वर आले, माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, एक पान वेगळं केलं आणि माझ्या दोन बोटांत दिलं. "याहून पातळ." मी दिवसभर पुस्तकांच्या पानांना हात लावणारी बाई. कागद किती पातळ असतो हे मला माहीत आहे. त्या दिवसापासून रस्त्यावरची कुठलीही गाडी मला लोखंडाची वाटेनाशी झाली.

काम सुरू करण्याआधी नाना डिझेलच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने एक ठिपका देत. एक ठिपका म्हणजे गाडी एकदा सोलली. तीन ठिपके झाले की कितीही जुनं गिऱ्हाईक असो, चौथ्यांदा हात लावायचा नाही. "आता ही म्हातारी झाली. तिला तिच्या रेघांसकट राहू द्या."

हे सगळं मी बघत होते, पण त्यांना मानायला लागले ते एका दुपारी. शेडचं दार पश्चिमेला उघडायचं. चारच्या सुमाराला ऊन सरळ आत यायचं, आणि नानांचा दिव्यांपेक्षा त्या उन्हावर भरवसा होता. त्या दिवशी त्यांनी मला एका काळ्या गाडीच्या बोनेटसमोर उभं केलं. बोनेटच्या मध्यावर कागदी चिकटपट्टी लावून दोन भाग केले होते. "डावीकडे सूर्य बघा." बघितला. सूर्याभोवती शेकडो बारीक तारांचं गोल घरटं विणलेलं होतं. डोकं हलवलं की घरटंही सरकत होतं. "आता उजवीकडे."

उजवीकडे नुसता सूर्य होता. त्याच्याभोवती काही नव्हतं. बोनेटही नव्हतं म्हटलं तरी चालेल, कारण बघायला तिथे पृष्ठभागच उरला नव्हता. भरलेल्या विहिरीत डोकावावं तसं वाटलं. खूप खाली आभाळ होतं, अंगणातल्या कडुनिंबाचं पान न् पान वेगळं होतं, आणि त्या खोलीतून एक घार सावकाश पोहत गेली. मी नकळत अर्धं पाऊल मागे घेतलं. आत पडेन असं वाटलं.

"हे माझं नाही," नाना म्हणाले. "हे आधीपासून तिथंच होतं."

त्यानंतर ते मला बरेचदा चार वाजता बोलवायला लागले. शनिवार-रविवार तर हमखास. "ताई, जरा सूर्य बघून जा." मी जायची. कुठे काही दिसतंय का, विचारायचे. मी सांगायची, या कोपऱ्यात एक राहिलीय, दाराच्या मुठीखाली दोन आहेत. ते मान हलवायचे. मला आपला अभिमान वाटायचा, की एवढा मोठा माणूस आपल्याला शिकवतोय. मला वाटायचं ते मला दाखवतात. ते मला विचारत होते.

त्या मंगळवारी ते उघडं पडलं. मग मीच माझ्या भावाला फोन करून धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच जुना. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर ऑपरेशन लवकर करू. नाना म्हणाले, "समजलं. रंगासारखंच आहे."

नाना आणि अक्का धुळ्याला माझ्या भावाकडे दहा दिवस राहणार असं ठरलं. शेडमध्ये ती काळी गाडी तशीच उभी होती. रावेरच्या एका केळी बागाईतदाराची होती. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. नानांच्या कसोटीला उतरलेल्या थोड्या माणसांपैकी ते एक. केळीच्या बागेत फिरणारी गाडी, पण धुणं असं की नाना नावं ठेवत नसत. गाडीचं पूर्ण काम झालं होतं, फक्त ते एक दार बाकी होतं. जाताना नानांनी शेडची किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "दार लावलेलं राहू द्या. बाकी काही करायचं नाही."

त्यांनी हेही नेहमी सांगितलेलं होतं, की कोरडं पुसायचं नाही. शंभर वेळा ऐकलं होतं मी. कंत्राटदारांना, प्राध्यापकांना, वॉचमनला सांगताना.

वैशाखाचे दिवस होते. सातव्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि शेडचा एक पत्रा उचकटला. संध्याकाळी दार उघडून बघते तर गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी माती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला. "ताई, उद्या जळगावात येतोय. लांबूनच एक नजर टाकून जाईन म्हनतो. नानांची तब्येत कशी हाये?"

मला नानांची लाज राखावीशी वाटली. त्यांच्या हातची गाडी, आणि माणूस येऊन बघणार ती मातीने माखलेली. गाडी धुवायची तर पाणी हवं, आणि नळाला पाणी परवाच्या आधी येणार नव्हतं. टाकीत पिण्यापुरतं होतं. मग मला माझ्या आईचं लुगडं आठवलं. चाळीस वर्षं धुतलेलं सुती लुगडं, पेटीत तळाशी ठेवलेलं. आमच्या कापसाच्या मुलखात मऊ म्हणजे काय विचाराल तर कुणीही हेच दाखवेल. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते जुन्या लुगड्यात. नानांचं ते सगळं सांगणं दुकानातल्या फडक्यांबद्दल आहे, पंच्यांबद्दल आहे, असं मी स्वतःला कधी पटवलं ते मलाही कळलं नाही. लुगड्याने कुणाला ओरखडा उठेल हे माझ्या मनातच येईना.

मी बांगड्या काढल्या. तेवढं मात्र आठवणीने केलं. आणि बोनेट पुसून काढलं, हलक्या हाताने, गोल गोल.

चार वाजता ऊन आत आलं. सूर्याभोवती घरटं होतं.

मी फडकं हातात धरून तिथेच बसले. टपाला आणि दारांना हात लावला नव्हता, एवढंच. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, दारातून बघितलं, "टपावर माती बसली, पन बोनेट पाहा, आरसा नुसता," असं म्हणून गेले. त्यांना काही दिसलं नाही. मलाही मग वाटायला लागलं, की कुणालाच दिसणार नाही. ज्याला दिसलं असतं, त्याचे डोळे धुळ्याला पट्टीखाली होते.

दोन दिवसांनी नाना परत आले. काळा चष्मा, पावलं जरा जपून टाकलेली. समोरचं अगदी मध्यभागी असलेलं तेवढं त्यांना दिसायचं, तेही धुरकट. भाऊ गाडी न्यायला आलेच होते. अक्का चहा करायला आत गेल्या. नाना कोनाड्यापाशी थांबले, सवयीने मनगट चाचपलं, घड्याळ नव्हतंच, आणि आत येऊन म्हणाले, "भाऊ, एक दार राहिलंय. लपवणार नाही तुमच्यापासून. मला आता दिसत नाही."

"राहू द्या नं नाना. एका दारानं काय होतं?"

"बाकीचं नीट असलं पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे. "ताई, सूर्य कसा आहे?"

चार वाजायला आले होते. ऊन बोनेटवर होतं.

मी दोन दिवस ठरवत होते की काहीच बोलायचं नाही. पण हा प्रश्न असा थेट येईल हे मी धरलं नव्हतं. भाऊ हसून माझ्याकडे बघत होते, चांगलं ऐकायच्या तयारीत. नानांनी मान जरा तिरपी केली होती. त्या माणसाने आयुष्यभर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नव्हता, प्रत्येक रेघ स्वतः बघितली होती. आता बघायला त्यांच्याकडे फक्त माझा शब्द होता. तो मी आज खोटा केला तर उद्या त्यांनी कशाने बघायचं, हे मला कळेना.

"जाळं आहे, नाना," मी म्हणाले.

"कुठे?"

"बोनेटवर. सगळीकडे."

"कोणाचं?"

"माझं." आणि मग मी सगळं सांगितलं. वावटळ, पाणी, लुगडं.

भाऊ घाईघाईने म्हणाले, "अहो कोनाले दिसतं ते? मले तं काहीच दिसत नाही."

"मलाही दिसत नाही," नाना म्हणाले. "ताईंना दिसतं."

ते पुढे झाले आणि बोनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावं असंही वाटत होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "ठिपके किती आहेत?"

मी झाकण उघडलं. "तीन."

म्हणजे चौथा द्यायचा नव्हता. हा त्यांचाच नियम. बाहेरून अक्का चहाचे कप घेऊन आल्या, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि मी काय केलं ते ऐकून म्हणाल्या, "लुगडानी पुसं? मी बी तेच करतू." त्या दिवशी मला मिळालेला तेवढाच आधार.

नाना म्हणाले, "भाऊ, गाडी महिनाभर ठेवा. डॉक्टरनं वाकायला मनाई केलीय. नंतर बघतो काय करता येतं."

"महिना?" भाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "केळीची कापनी चालू हाये नाना." मग गाडीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. "राहू द्या. मोटरसायकलवर फिरतो. घरी सांगतो गाडी रुसून माहेरी गेली."

महिन्याने काम सुरू झालं. चौथा ठिपका नाही, मशीन नाही; हाताने, रेघेपुरतंच. कॉलेजला सुट्ट्या होत्या. अक्कांनी सकाळी बटणं लावायची, नानांनी बोनेटपाशी उभं राहायचं, मी समोर बसून बघायचं. तळहातापेक्षा लहान असा एक चौकोन चिकटपट्टीने आखायचा. मी नानांचं बोट धरून रेघेवर ठेवायची. ते वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायचे आणि फोमचा तुकडा सरळ रेषेत, इकडून तिकडे, फिरवायचे. तिथे नवीन जाळं होऊ नये म्हणून गोल कधीच नाही.

मी समजत होते की मी सांगायचं आणि त्यांनी थांबायचं. पहिल्याच दिवशी मी "झालं" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचा हात आधीच थांबलेला होता. दुसऱ्या चौकोनाला तेच, तिसऱ्याला तेच. मी विचारलं, "कसं कळतं?"

"आवाज. रेघ असली की खरखरतो. मग घसरतो. कारखान्यात इतका गोंगाट, कधी ऐकूच आलं नव्हतं."

मी कान देऊन ऐकलं. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. तेरा दिवस मी ऐकत होते, आणि शेवटपर्यंत मला ते सारखेच वाटले. एक माणूस ज्याला गाडीचा रंगही धड दिसत नव्हता, तो वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ अशा थरातून किती काढायचं आणि किती ठेवायचं ते कानाने मोजत होता. मध्येच बोटाने पत्रा किती तापलाय ते बघायचा आणि थांबायचा. त्या तेरा दिवसांत मला देवळात बसल्यासारखं वाटत असे. एरवी मी देवळात फारशी जात नाही.

त्या दिवसांत त्यांनी माझ्या चुकीचा एकदाच उल्लेख केला. चहा पिताना म्हणाले, "लुगडं मऊच असतं ताई. माती मऊ नसते."

आधी राहिलेलं दार झालं. मग बोनेट. तेराव्या दिवशी चार वाजता मी बघितलं. सूर्य मोकळा होता. डाव्या बाजूला, पुढच्या काचेजवळ, चार रेघा तेवढ्या उरल्या होत्या. बोटभर लांब. तिथे माझा हात बहुधा जास्त जोरात पडला असेल. मी सांगितलं. नानांनी बोट तिथे नेलं, पेस्ट न लावता फोम एकदाच फिरवून ऐकलं, आणि फोम खाली ठेवला.

"या राहतील. आणखी खाली गेलो तर रंग उघडा पडेल."

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

"हो," नाना म्हणाले. मग फोम धुवायला उचलत, "जाळं आहे हे कळलं, तेही तुमच्यामुळेच."

भाऊ आले तेव्हा नानांनी त्यांचा हात धरून त्या चार रेघा दाखवल्या. भाऊंनी वाकून, डोळे बारीक करून, बाजूने, खालून बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना दिसल्या. ते सरळ झाले. त्यांनी त्या सूर्याकडे बघितलं आणि टोपी हातात घेतली. जाताना गाडी त्यांनी एवढ्या हळू काढली, की मागून येणारा रिक्षावाला ओरडला, "ओ शेठ, वरात हाये का?"

पुढे दोन वर्षं नाना होते. लोक येत राहिले. बहुतेकांना ते "नाही" म्हणून परत पाठवत, थोड्यांच्या गाड्या आम्ही दोघांनी मिळून केल्या. नजर हळूहळू पूर्ण गेली. अक्का म्हणायच्या, "डोया गयात, पन गाडी सुटनी नही." मार्गशीर्षात एका सकाळी अक्का बटणं लावत असताना ते ओट्यावर खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाराव्याला गल्लीत अकरा गाड्या उभ्या होत्या, सगळ्या काळ्या नाहीतर निळ्या. आलेल्यांतला एक माणूस डावखुरा होता. मला त्याचा चेहरा ओळखू आला नाही, पण हात ओळखू आला.

शेड आता अक्कांनी केळीचे पुठ्ठ्याचे खोके ठेवायला एका व्यापाऱ्याला दिली आहे. मी वरच राहते. सकाळी आम्ही दोघी ओट्यावर चहा घेतो.

गेल्या महिन्यात भाऊ कॉलेजवर आले होते, मुलीच्या प्रवेशासाठी. गाडी त्यांनी ग्रंथालयासमोर कडुनिंबाच्या सावलीत लावली होती. साडेतीनला सावली सरकली तशी मी बाहेर आले. बांगड्या काढून पायरीवर ठेवल्या, ओढणी मागे खोचली आणि बोनेटवर वाकून बघितलं. काचेजवळ डाव्या बाजूला चार रेघा आहेत. पाचवी नाही.